माफी, प्रतिकार आणि क्षमत्व : उभयचरांच्या रोगविचाराचा एक इतिहास

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की नळदुर्गच्या किल्ल्याभोवती, बोरी नदीच्या काठाने आणि खंदकातील डबक्यांतून बेडकांचा घोष सुरू होतो. गावकऱ्यांच्या लेखी तो पावसाचा निरोप असतो. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र त्यात एक प्रश्न दडलेला आहे. साचलेले पाणी, कुजलेला पाला आणि चिखल यांत ज्या प्राण्याचा जन्म जातो, ज्याच्या अंगावर खवले नाहीत, पिसे नाहीत, केसही नाहीत, तो प्राणी असंख्य जंतूंच्या सहवासात निरोगी राहतो कसा? आणि राहतो तो नेहमीच राहील काय?

हा प्रश्न जीवशास्त्राचा आहे, आणि प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. तथापि ह्या प्रश्नाचा इतिहास चाळताना असे दिसून आले की, त्याची वाटचाल बऱ्याच अंशी शब्दांची वाटचाल आहे. रोगापासून बचाव होण्याच्या शक्तीला पाश्चात्त्य वैद्यकाने जो शब्द दिला तो मूळचा महसुली व्यवहारातील आहे. मराठीने दिलेला शब्द लढ्याचा आहे. आणि आपल्या प्राचीन वैद्यकातील शब्द सहनशीलतेचा आहे. ह्या तिन्ही कल्पनांची कसोटी गेल्या दीडशे वर्षांत बेडकावरच लागली. ती कशी लागली आणि त्यातून आजच्या अभ्यासकाने काय ध्यानात घ्यावे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम नावांचा विचार करू. आपल्याकडे सर्वत्र आढळणारा काळसर ठिपक्यांचा भेक आणि पाण्याच्या पृष्ठावरून उड्या घेत जाणारा लहान बेडूक, ह्या दोघांनाही शास्त्रीय नावे १७९९ साली एकाच गृहस्थाने दिली. त्याचे नाव योहान गोटलोब श्नायडर. हा जर्मन पंडित व्यवसायाने प्राणिशास्त्रज्ञ नव्हता. तो ग्रीक भाषेचा कोशकार होता. भेकाला त्याने ‘मेलॅनोस्टिक्टस’, म्हणजे काळ्या ठिपक्यांचा, असे म्हटले. दुसऱ्यास ‘सायनोफ्लिक्टिस’ हे नाव दिले. त्यातील उत्तरपद ‘फ्लिक्टिस’ हे ग्रीक भाषेत फोडाचे, अंगावर उठणाऱ्या फुटकुळीचे नाव आहे. निरोगी बेडकाच्या त्वचेवरील उंचवटे पाहून कोशकाराला रोगाचा शब्द सुचला! आपल्या भाषेचीही गत फारशी वेगळी नाही. दंडावर फुगणाऱ्या स्नायूला आपण ‘बेडकुळी’ म्हणतो, पण खोकल्यातून पडणाऱ्या कफाच्या गोळ्याला ‘बेडका’ म्हणतो. बेडूक म्हणजे काहीतरी ओलसर, बुळबुळीत आणि अस्वच्छ, ही समजूत भाषेत घट्ट रुतून बसली आहे. वस्तुतः ज्या बुळबुळीतपणाची आपल्याला किळस येते, तेच ह्या प्राण्याचे चिलखत आहे. हे कळण्यास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आता पहिल्या शब्दाकडे वळू. इंग्रजीतील ‘इम्युनिटी’ हा शब्द लॅटिन ‘इम्युनिस’पासून आला. ‘म्युनस’ म्हणजे सार्वजनिक कर्तव्य, सेवा किंवा कर. त्यातून जो मोकळा तो ‘इम्युनिस’. आपल्याकडील सारामाफीची कल्पना ह्याहून फारशी निराळी नाही. १८५३ ते १८५७ ह्या काळात कॅप्टन मेडोज टेलर नळदुर्ग जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर होता आणि जमिनीची मोजणी व साऱ्याची आकारणी हा त्याच्या कामाचा मोठा भाग होता. त्या काळच्या दप्तरी भाषेत सांगायचे तर, कोणती जमीन साऱ्यास पात्र आणि कोणती माफीची, हा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाने रोगांच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न विचारला : कोणता प्राणी कोणत्या रोगास पात्र, आणि कोणास त्याची माफी?

रॉबर्ट कॉख याने १८७६ साली काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या, जंतूंवरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात बेडकावरील प्रयोगही आहेत. रोगाने मेलेल्या प्राण्याच्या प्लीहेचे तुकडे बेडकाच्या त्वचेखाली ठेवले तरी बेडूक मरत नसे. त्या जागी काही पेशींच्या पोटात कॉखला रोगाचे दंडाणू दिसले. ते तेथे वाढत असावेत, असा अर्थ त्याने लावला. बेडकाला ह्या रोगाची माफी आहे, एवढे मात्र त्यातून निष्पन्न झाले. पण ही माफी बिनशर्त नव्हती. १८८२ साली पॉल जिबिए ह्या फ्रेंच संशोधकाने बेडकांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात ठेवून तोच रोग टोचला, तेव्हा ते मेले. ह्याच्या नेमका उलट प्रयोग लुई पाश्चर आणि त्याचे सहकारी यांनी १८७८ साली केला होता : कोंबडीला हा रोग सहसा होत नाही, परंतु थंड पाण्यात ठेवून तिच्या अंगातील उष्णता उतरवली की ती रोगाला बळी पडते. सारांश, माफीची सनद प्राण्याच्या जातीला कायमची मिळालेली नसते. ती परिस्थितीवर अवलंबून असते. रोगाच्या परिस्थितिविज्ञानाचे बीज ह्या जुन्या प्रयोगांत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरा टप्पा इल्या मेचनिकोव्ह याचा. १८८२ च्या अखेरीस सिसिलीतील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचला आणि त्याभोवती भटक्या पेशी गोळा होताना पाहिल्या. पुढे त्याने बेडकाचा प्रयोग पुन्हा हाती घेतला आणि कॉखने पाहिलेल्या दृश्याचा अर्थ उलटा लावला. दंडाणू त्या पेशींत घुसून वाढत नव्हते. त्या पेशीच त्यांना गिळून पचवीत होत्या. दृश्य तेच, वाचन वेगळे. माफी ही निष्क्रिय अवस्था नसून ती शरीराची क्रिया आहे, हा विचार येथे प्रस्थापित झाला. मराठीतील ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द ह्या दुसऱ्या अवस्थेचा आहे. त्यात माफी नाही, झुंज आहे. १९०८ साली मेचनिकोव्हला पॉल एर्लिख याच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या शिष्यशाखेचा संबंध महाराष्ट्राशीही पोहोचतो. ओडेसा येथे त्याच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन हाच १८९६ च्या प्लेगच्या साथीत मुंबईस आला. जानेवारी १८९७ मध्ये त्याने आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. आणि परळ येथील प्रयोगशाळेला १९२५ पासून त्याचे नाव लाभले. ज्या विचाराची एक कसोटी बेडकाच्या त्वचेखाली लागली, त्याच विचारपरंपरेत वाढलेल्या माणसाने आपल्या प्रांतातील लोकांच्या दंडांना सुई लावली.

तथापि बेडकाच्या बाबतीत रक्तातील पेशी हा दुसरा तट होय. पहिला तट त्वचा. ही त्वचा समजून घेण्यास नळदुर्गचा बंधारा उपयोगी पडतो. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर जो बंधारा बांधला गेला आणि ज्याच्या पोटात पाणीमहाल आहे, तो एकाच वेळी धरणही आहे आणि गडाच्या दोन भागांना जोडणारी भिंतही आहे. शत्रूला अडवायचे, पण पाण्याला ‘नर’ आणि ‘मादी’ ह्या सांडव्यांतून वाट द्यायची, असे दुहेरी काम त्याला करावे लागते. बेडकाच्या त्वचेचे काम असेच आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, त्वचेने शोषून घेतो. श्वासोच्छ्वासाचा मोठा भागही त्वचेतूनच होतो. शरीरातील क्षारांचा तोल तीच सांभाळते. म्हणून तिला जाड, कोरडी आणि बंद करता येत नाही. उघडी राहूनही तिने राखण केली पाहिजे.

ही राखण कशाने होते, ह्याचा उलगडा हळूहळू झाला. १९७० साली युरोपातील एका पिवळ्या पोटाच्या भेकाच्या त्वचेतून जंतुनाशक पेप्टाइड वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले. पण ह्या विषयाकडे सर्वांचे लक्ष वेधले ते १९८७ मध्ये. मायकेल झॅस्लॉफ हा अमेरिकन संशोधक आफ्रिकी नखवाल्या बेडकांवर शस्त्रक्रिया करून त्यांना सामान्य, निर्जंतुक न केलेल्या पाण्यात सोडीत असे. तरीही त्यांच्या जखमा न चिघळता भरून येत. त्याचा शोध घेताना त्वचेतील ग्रंथींतून स्रवणारी, प्रत्येकी २३ अमिनो आम्लांची दोन पेप्टाइडे हाती लागली. त्यांना त्याने ‘मॅगाइनिन’ म्हटले. हिब्रू भाषेत ‘मागेन’ म्हणजे ढाल. तीस वर्षांनंतर, २०१७ साली, केरळातील एका बेडकाच्या त्वचेतून मिळालेल्या आणि एच-१ जातीच्या इन्फ्लुएंझा विषाणूंचा नाश करणाऱ्या पेप्टाइडाला ‘उरुमिन’ हे नाव देण्यात आले. उरुमी म्हणजे मलबारातील लवचिक पात्याची तलवार. ज्या बेडकापासून ते मिळाले त्याचे नाव हायड्रोफायलॅक्स बहुविस्तार. ही जात २०१५ साली पुण्याच्या अभ्यासकांनी इतरांच्या सहकार्याने वर्णिली आणि तिला दूरवर पसरलेली ह्या अर्थाचे हे संस्कृत-मराठी नाव दिले. एकाने ढाल म्हटले, दुसऱ्याने तलवार. शब्दांची ही निवड ‘प्रतिकार’ ह्या कल्पनेचा पगडा किती खोल आहे, हेच दर्शविते.

परंतु त्वचा केवळ शस्त्रागार नाही. तिच्यावर सूक्ष्मजीवांची वस्ती असते आणि त्यांतील काही राखणदाराचे काम करतात. जँथिनोबॅक्टेरियम लिव्हिडम नावाचा एक जांभळा जीवाणू व्हायोलासीन हे द्रव्य तयार करतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा जीवाणू कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतील बेडकांच्या त्वचेवर वाढविला, तेव्हा एका घातक बुरशीपासून त्यांचा बचाव झाला. आता ह्या बुरशीचाच विचार केला पाहिजे, कारण तिने वरील सर्व कल्पनांची परीक्षा घेतली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिका येथील उंच, थंड आणि मनुष्यस्पर्श नसलेल्या अरण्यांतूनही बेडूक नाहीसे होऊ लागले. १९९८ साली त्यामागील बुरशीजन्य रोग उजेडात आला आणि १९९९ साली बुरशीचे रीतसर वर्णन झाले : बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस. ‘बॅट्राकोस’ म्हणजे बेडूक आणि ‘कायट्रिडियॉन’ म्हणजे लहान मडके. त्वचेच्या केराटिनयुक्त पेशींत ही बुरशी खरोखरच मडक्यासारखी बसते. मडके भरले की त्याच्या तोंडातून शेपटीचे बीजाणू पाण्यात सुटतात आणि पोहत नवा यजमान शोधतात. २००९ मध्ये मृत्यूचे कारणही स्पष्ट झाले. ही बुरशी बेडकाला कुरतडून मारत नाही. ती त्वचेतील क्षारांची देवाणघेवाण बिघडविते, रक्तातील सोडियम आणि पोटॅशियम उतरते आणि अखेर हृदय थांबते. भिंत पडत नाही, सांडव्यांची व्यवस्था कोसळते.

रोगाचा काळही लक्षणीय आहे. बेडूकमाशाच्या अंगी केराटिन असते ते केवळ तोंडाच्या भागात, म्हणून बुरशी तेथेच राहते आणि तो सहसा जगतो. रूपांतर होताच साऱ्या त्वचेत केराटिन येते आणि बुरशीला सर्वांग मोकळे होते. नेमक्या ह्याच वेळी प्रतिकारव्यवस्थेचीही मोडतोड आणि फेरउभारणी चाललेली असते. जुन्या लसिकापेशींपैकी पुष्कळशा नष्ट होऊन नव्या तयार व्हायच्या असतात. बेडकाला थायमस आहे, प्लीहा आहे, प्रतिपिंडे आहेत. पण राज्यपालट चालू असताना शत्रू वेशीवर येतो. त्यात ही बुरशी लसिकापेशींची वाढ रोखणारी द्रव्येही सोडते, असे २०१३ साली सिद्ध झाले. २०१९ मध्ये केलेल्या जागतिक आढाव्यानुसार ह्या रोगाने किमान ५०१ जातींची संख्या घटली असून त्यांतील ९० जाती नष्ट झाल्या असाव्यात. एका रोगाने केलेली एवढी हानी दुसऱ्या कोणत्याही प्राणिवर्गात नोंदलेली नाही.

ह्या पार्श्वभूमीवर आपल्या प्रदेशाकडे पाहिले म्हणजे कोडे पडते. भारतात ही बुरशी असल्याची नोंद २०११ साली केरळातून झाली. २०१३ साली नीलेश डहाणूकर, आनंद पाध्ये, संजय मोलूर आदी अभ्यासकांनी उत्तर सह्याद्रीतील तीन प्रदेशनिष्ठ आणि संकटग्रस्त जातींत ती आढळल्याचे प्रसिद्ध केले. ह्या तीन जाती म्हणजे निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी, इंडिराना लेइथी आणि राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस. त्यांपैकी पहिलीच्या त्वचेवर व्रण आणि तपकिरी डाग दिसले, कात सुटताना आढळली; शेवटच्या जातीत बाह्य लक्षण काहीच नव्हते. बुरशीचा वाण आशियातील स्थानिक वाणांशी नाते सांगणारा होता. पुढे २०१८ साली जगभरच्या नमुन्यांच्या जनुकीय अभ्यासावरून असे अनुमान निघाले की, ह्या बुरशीचे मूळ पूर्व आशियात असावे आणि तिचा घातक वाण विसाव्या शतकाच्या प्रारंभी जगभर पसरू लागला असावा.

येथे तिसऱ्या शब्दाची गरज भासते. चरकसंहितेत ‘व्याधिक्षमत्व’ असा शब्द आहे, आणि अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्त त्याचा दुहेरी अर्थ सांगतो : उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बळाला विरोध करणे आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे. आधुनिक रोगविज्ञानही आता असाच एक भेद करते. जंतूंची संख्या रोखणे ही एक गोष्ट. जंतू अंगी असूनही हानी होऊ न देणे ही दुसरी. अंगी बुरशी असून निरोगी दिसणारा सह्याद्रीतील तो लहान बेडूक ह्या दुसऱ्या अवस्थेचे उदाहरण असू शकेल. दोन्ही शास्त्रांचे भेद तंतोतंत एक आहेत असा येथे दावा नाही, आणि प्राचीनांना सारे ठाऊक होते हे म्हणणे तर अशास्त्रीय ठरेल. म्हणणे एवढेच की, ‘क्षम्’ ह्या धातूत सहन करणे आणि समर्थ असणे हे दोन्ही अर्थ असल्याने हा शब्द ‘प्रतिकार’पेक्षा ह्या वस्तुस्थितीला अधिक जवळचा आहे.

पण क्षमत्व आहे म्हणून निश्चिंत राहता येईल काय? इतिहास तसे सांगत नाही. दीर्घ सहवासाने जुळलेला मेळ एका वाणाशी असतो. व्यापाराने दुसरा वाण आणला तर जुनी सनद चालेलच असे नाही. आणि बेडकांचा व्यापार ही काल्पनिक भीती नव्हे. १९३० नंतर गर्भधारणेच्या परीक्षेसाठी आफ्रिकी नखवाले बेडूक जगभर पाठविले गेले. बुरशी त्यांच्याबरोबर पसरली असावी, असे मत २००४ साली मांडले गेले. उगमाविषयीचा तो तर्क पुढे मागे पडला, तरी जिवंत प्राण्यांच्या वाहतुकीबरोबर रोग प्रवास करतो, हा त्यातील मुद्दा टिकून आहे. आपल्या देशातूनही बेडकांच्या तंगड्यांची मोठी निर्यात होत होती. मुंबईचे निसर्ग-अभ्यासक हुमायुन अब्दुलअली यांनी तिच्याविरुद्ध लेखणी चालविली; शेतातील किडी खाणारा हा प्राणी परदेशी ताटांसाठी मारणे आतबट्ट्याचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९८७ साली निर्यातबंदी झाली. ज्या सह्याद्री-बेडकाच्या त्वचेवर २०१३ साली व्रण आढळले, त्या जातीला १९५५ सालीच ह्याच गृहस्थांचे नाव दिलेले होते, हा योगायोग विषण्ण करणारा आहे.

राहता राहिला नळदुर्गचा, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील कोरड्या पठाराचा प्रश्न. ही बुरशी साधारणतः १७ ते २५ अंश सेल्सिअसमध्ये जोमाने वाढते आणि त्याहून बरीच अधिक उष्णता तिला सोसत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात रोगी बेडकांना ३७ अंश उष्णतेत ठेवले असता ते सोळा तासांच्या आत रोगमुक्त झाले. येथे जिबिएचा प्रयोग आठवावा. त्याने उष्णतेने बेडकाची माफी काढून घेतली होती. येथे जवळपास तेवढ्याच उष्णतेने माफी मिळवून दिली. प्राणी त्याच वर्गातला, उष्णता जवळपास तेवढीच, जंतू मात्र वेगळा. आणि निष्पत्ती उलटी. म्हणून बेडूक बलवान की दुर्बल, हा प्रश्नच चुकीचा आहे. यजमान, जंतू आणि परिस्थिती ह्या तिघांचा तो करार आहे.

उन्हाळ्यात ह्या पठारावर पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. ती उष्णता बुरशीला नक्कीच प्रतिकूल आहे. परंतु बिळे करून राहणारे बेडूक तो काळ जमिनीच्या गारव्यात काढतात, आणि बारमाही पाण्यातले बेडूक हिवाळ्याची थंड रात्र पाण्यातच काढतात. तेव्हा चाळीस अंश हा आकडा हवामानखात्याचा आहे, बेडकाच्या त्वचेचा नव्हे. पठाराला सरसकट माफी आहे असे गृहीत धरणे म्हणजे कॉखच्या काळात परत जाणे होय. पठारावरील डबकी, विहिरी, खंदक आणि तळी यांतील बेडकांच्या त्वचेचे नमुने ऋतुमानाप्रमाणे घेणे, त्या त्या जागेची उष्णता तेथेच मोजणे आणि रूपांतराच्या दिवसांत लहान बेडकांवर विशेष लक्ष ठेवणे, हे काम आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. एका डबक्यातून दुसऱ्यात जाताना पादत्राणे आणि जाळी निर्जंतुक करून घेणे हा त्यातील पहिला नियम. नाहीतर अभ्यासकच वाहक ठरायचा.

शब्द बदलले म्हणून रोग बदलत नाही, हे खरे; पण शब्द बदलला की काय शोधायचे ते बदलते. ‘माफी’ म्हणणाऱ्याने बेडूक मेला की जगला एवढेच पाहिले. ‘प्रतिकार’ म्हणणाऱ्याने भक्षक पेशी, ढाली आणि तलवारी शोधल्या आणि त्या त्याला सापडल्या. ‘क्षमत्व’ म्हणणाऱ्याला आजारी न दिसणाऱ्या बेडकाचीही तपासणी करावी लागते, कारण रोगाची खरी हकीकत पुष्कळदा निरोगी दिसणाऱ्याच्या अंगावर लिहिलेली असते. मृगात नळदुर्गच्या खंदकातून येणारा आवाज जोवर दरवर्षी ऐकू येतो, तोवर ही तपासणी करण्यास अवकाश आहे. तो आवाज बंद झाल्यावर केलेल्या अभ्यासाला शवचिकित्सा म्हणतात.